तांदळातलं नाव, पासपोर्टातलं नाव

*ताई, सप्रेम नमस्कार. मी करवीर तालुक्यातली, वय 54. लेक जर्मनीत असते. तिला चौथा महिना आहे आणि बाळंतपणाला मी जायचं ठरलंय. पण माझा पासपोर्टच नाही. शाळेच्या दाखल्यावर माझं नाव आक्काताई, पुढं वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. लग्नात तांदळात सुनंदा लिहिलं, तेव्हापासून आधार, पॅन, रेशनकार्ड सगळं सुनंदाच्या नावानं. जन्म निपाणीजवळचा. कागदावर 1 जून 1971, पण आई सांगायची नागपंचमीच्या आदल्या दिवशी झालीस. मग खोटी तारीख दिली असं होईल का? शिक्षण सातवी. सातवीवाल्यांच्या पासपोर्टावर शिक्का मारतात आणि विमानतळावर अडवतात असं भावजय म्हणाली. मालकांवर ऊस आंदोलनातली केस आहे, ती मला आडवी येईल का? पोलीस घरी येणार म्हणे. आमच्या दारात आजवर पोलीस आलेला नाही, लोक काय म्हणतील? ओळखीचा एकजण सहा हजारांत सगळं करून देतो म्हणतोय, देऊ का? आणि मी सही मराठीत करते. चालेल का? – एक आई*

अक्का, तुम्हाला मी अक्काच म्हणते. माहेरचं नाव आहे ते, आणि या पत्रापुरतं तरी ते कुणीतरी घ्यावं.

सोपं आधी उरकते. सही मराठीत चालते. मोडीत केलीत तरी चालेल, फक्त दर वेळी तशीच करा. सहा हजार देऊ नका. 36 पानी पासपोर्टाची सरकारी फी 1500 रुपये आहे आणि ती फॉर्म भरताना ऑनलाइनच भरायची असते. एजंटाकडे वेगळी खिडकी नाही, वेगळी रांग नाही. तुमच्या सुनेनं किंवा पुतण्यानं मोबाइलवर जे केलं असतं तेच तो करतो आणि वरचे साडेचार हजार खिशात घालतो. तात्काळच्या भानगडीतही पडू नका. त्याला 2000 जादा लागतात आणि तुमच्या हातात अजून वेळ आहे.

आता 1 जून. अहो, आपल्याकडं निम्मा महाराष्ट्र 1 जूनला जन्मलेला आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, बाप पोराला खांद्यावर टाकून आणायचा आणि गुरुजी विचारायचे, "केव्हाचा हा?" उत्तर मिळायचं, "मोठा पूर आला त्या वर्षीचा." गुरुजी वर्षाचा अंदाज बांधायचे आणि तारीख स्वतः ठरवायचे. पासपोर्ट ऑफिसला नागपंचमी नको, कागद हवा आहे, आणि तुमच्या सगळ्या कागदांवर एकच तारीख आहे. हे केवढं मोठं नशीब आहे याची तुम्हाला कल्पना नाही. एका कागदावर 1 जून, दुसऱ्यावर 1 जानेवारी आणि तिसऱ्यावर नुसतं वर्ष, अशी माणसं मला आठवड्याला भेटतात. तुमची तारीख आहे तशी राहू द्या. खरी तारीख लेकीला सांगा, तिकडं वाढदिवस तरी करेल.

जन्माचा दाखला नाही म्हणूनही घाबरू नका. जन्मतारखेसाठी फक्त जन्मदाखलाच चालेल हा नियम 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी आहे. म्हणजे तुमच्या नातवंडांच्या पिढीसाठी. तुमच्या पिढीला शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मतारीख असलेलं पॅनकार्ड पुरतं. त्यातलं काय न्यायचं ते पुढं सांगते, कारण खरी गाठ तिथंच आहे.

भावजयीचं शिक्क्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टावर 'ईसीआर' अशी नोंद येते. काही ठरावीक देशांत, मुख्यतः आखाती देशांत, कामाला जाणाऱ्यांची फसवणूक होऊ नये म्हणून जाण्याआधी सरकारी परवानगी घ्यावी लागते, तिची ती खूण. त्या यादीत जर्मनी नाही आणि तुम्ही कामालाही निघालेल्या नाही. (बाळंतपण हे काम नाही असं म्हणायला जीभ जरा अडखळतेच.) पण तुम्हाला ती नोंद लागणारच नाही, कारण पन्नाशी ओलांडलेल्यांना त्यातून सूट आहे. सातवी असो नाहीतर बिगरी, वयाचा कागद दाखवला की झालं. फॉर्ममध्ये त्याबद्दल प्रश्न येतो तिथं सुनेला नीट वाचून उत्तर द्यायला सांगा.

आता नावाकडं येऊ.

आपल्याकडं लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नाव लिहितात, सगळे टाळ्या वाजवतात, पेढे वाटतात, आणि एका बाईच्या कागदांची दोन बायकांत वाटणी होते. शाळेच्या रजिस्टरात एक, रेशनकार्डात दुसरी. त्या दोघी एकच हे सांगणारा कागद मात्र कुणी करत नाही. आडनाव बदललेल्या बायका कितीतरी असतात, त्यांचं फारसं अडत नाही. लग्नाचं प्रमाणपत्र पासपोर्टासाठी सक्तीचं राहिलेलं नाही, ती अट 2016 च्या डिसेंबरात काढली. पण तुमचं पहिलं नावच वेगळं आहे. आक्काताईचा दाखला आणि सुनंदाचं आधार शेजारीशेजारी ठेवलं, तर टेबलापलीकडचा माणूस विचारणारच की ही कोण आणि ती कोण.

म्हणून आधी ठरवायचं, पुढची दहा वर्षं जगात कुठल्या नावानं फिरायचं. हे मन मोडणारं असेल, पण माझं मत सुनंदा. त्याचं कारण सासर नाही, तुमची लेक आहे. तिच्या पासपोर्टाच्या शेवटच्या पानावर आईचं नाव छापलेलं असतं. उद्या व्हिसासाठी तुम्ही सांगणार की मी हिची आई, तर तिच्या पासपोर्टातली आई आणि तुमच्या पासपोर्टातली बाई एक दिसली पाहिजे. तिच्या दहावीच्या कागदांपासून आईचं नाव सुनंदाच लागलं असणार. तुम्ही आता आक्काताई व्हायला गेलात तर तिचे कागद उसवावे लागतील, आणि तेही परदेशात बसून.

सुनंदा ठरली की जन्मतारखेसाठी शाळेचा दाखला न्यायचं कारण उरत नाही. पॅनकार्डावर सुनंदा आहे आणि तारीखही आहे, तेच न्या. ओळख आणि पत्ता आधारवर. दोन्ही कागद एकाच नावाचे. पण इथं एक गोष्ट कटाक्षानं करायची. फॉर्ममध्ये विचारतात, नाव कधी बदललं आहे का? तिथं 'होय' म्हणायचं आणि आधीचं नाव पूर्ण लिहायचं. "कशाला सांगायचं, कुणाला कळतंय" असं सुचवणारे शहाणे भेटतील. पासपोर्ट कायद्याच्या 12 व्या कलमात खोटी माहिती देण्याला किंवा माहिती दडवण्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं लिहिलेलं आहे. पोलीस चौकशीत एखादी म्हातारी चुलत सासू सहज बोलून जाईल, "आमची आक्काताई व्हय?", मग सारवासारव करत बसा.

आणि 'होय' म्हटल्यावर आधाराला राजपत्र हवं. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची नोंद छापून घेता येते. शासनाच्या मुद्रण संचालनालयाच्या संकेतस्थळावर अर्ज करतात, त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही. जुनं नाव, नवं नाव, कारण 'विवाह'. ते छापून आलं की त्या दोन बायका सरकारच्या दप्तरात एक झाल्या. हा अर्ज या आठवड्यातच करा, पासपोर्टाचा नंतर. मध्ये काही आठवडे जातील, जाऊ द्या. हा कागद तुम्हाला पासपोर्टाच्या पलीकडंही लागणार आहे. माहेरच्या उताऱ्यावर वारस म्हणून कधी नाव लागलं असेल तर ते आक्काताईचंच असणार, आणि तिथं सही करायला सुनंदा गेली की तलाठीही हाच प्रश्न विचारतो. लग्नाचं प्रमाणपत्र असेल तर तेही पिशवीत ठेवा. मागितलं नाही तर परत आणायचं.

नाव भरताना आपली मराठी पद्धत आणि फॉर्मचे रकाने यांचं जरा बिनसतं. आडनावाच्या चौकटीत फक्त आडनाव. दुसऱ्या चौकटीत तुमचं नाव आणि त्यापुढं मालकांचं नाव. 'सौ.' लावायचं नाही, 'ताई' आणि 'राव' गाळायचे. मालकांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग आधारवर आणि पॅनवर एकच आहे का, ते अक्षर अक्षर बोट ठेवून बघा. दत्तात्रयच्या शेवटी एक 'ए' जास्त पडल्यानं हेलपाटे घातलेली माणसं मी बघितलीत. फरक असेल तर फॉर्मच्या आधी दुरुस्त करा, नंतर नव्हे.

माझी स्वतःची गोष्ट सांगते. 2013 साली कोल्हापुरात अर्ज घ्यायची सोय नव्हती, पुण्याला जावं लागायचं. रात्रीची एसटी धरली, पहाटे स्वारगेटला उतरले, तिथंच तोंड धुतलं, पोह्यांची गाडी लागायची वाट बघितली. आत गेल्यावर पहिल्याच टेबलावर कळलं की माझ्या आडनावाच्या रकान्यात वडिलांचं नाव आहे आणि जन्मगावाच्या जागी जिल्हा. फॉर्म एका नेट कॅफेवाल्यानं भरला होता आणि मी समोर बसून चहा पीत होते. शेवटी सगळा फॉर्म पडद्यावर दिसतो, तोही वाचला नव्हता. परतीच्या गाडीत सातारा येईपर्यंत कुणाशी बोलले नाही. तुम्हाला आता पुणं नाही. पोस्टातलं पासपोर्ट सेवा केंद्र कोल्हापुरातच आहे. फॉर्ममध्ये पासपोर्ट कार्यालय म्हणून मात्र पुणेच निवडायचं, कारण आपला जिल्हा पुण्याच्या कार्यालयाखाली येतो. अपॉइंटमेंट घेताना कोल्हापूरचं केंद्र निवडता येतं. संकेतस्थळ पासपोर्टइंडिया डॉट गव्ह डॉट इन. शेवटी 'गव्ह डॉट इन' नसेल तर ते दुकान आहे, सरकार नव्हे, आणि अशी दुकानं हुबेहूब दिसतात.

जन्मस्थळाच्या रकान्यात जन्मगाव, जिल्हा बेळगाव, राज्य कर्नाटक. तुमच्या माहेरच्यांना हे लिहिताना कसंसं होईल हे मला कळतं, पण सीमाप्रश्न पासपोर्टाच्या फॉर्ममध्ये सुटणार नाही. खरं तर तुमचा जन्म झाला तेव्हा त्या राज्याचं नाव म्हैसूर होतं. कर्नाटक झालं 1973 ला. फॉर्मला आजचं नाव लागतं.

पत्त्याचं एकच सांगते. आधारवरच्याच घरात राहता ना? की गावातलं घर सोडून मळ्यात राहायला गेलात? आपल्याकडं हे फार होतं. पोलीस गावातल्या घरी जातात, कुलूप बघतात आणि 'पत्त्यावर आढळले नाहीत' असा शेरा जातो. राहत असाल तोच पत्ता आधारवर करून घ्या. पुरावा म्हणून जिल्हा बँकेचं किंवा पतसंस्थेचं पासबुक नेऊ नका. उसाचं बिल तिथंच जमा होत असलं तरी पासपोर्टाच्या यादीत सहकारी बँका बसत नाहीत. फोटो असलेलं पासबुक सरकारी, खासगी शेड्यूल्ड किंवा ग्रामीण बँकेचंच लागतं.

केंद्रावर जायच्या दिवशी मूळ कागद आणि सही केलेल्या झेरॉक्सचा एक संच न्या. फोटो न्यायची गरज नसते, तिथंच काढतात. मागं पांढरा पडदा असतो, म्हणून पांढरी किंवा फिकी साडी नको. चष्मा काढायला लावतील, डोक्यावरचा पदरही तेवढ्यापुरता मागं घ्यायला सांगतील. बोटांचे ठसे घेतात. भांगलणी-खुरपणीनं ठसे झिजलेले असले तर दोन-तीनदा दाबायला सांगतात, ओशाळू नका. सून बहुतेक बाहेरच थांबेल, त्यामुळं कुठला कागद कशासाठी हे तुम्हालाच माहीत पाहिजे. ठरलेल्या दिवशी जमलं नाही तर वर्षभरात तीनदा तारीख बदलता येते, पैसे बुडत नाहीत.

आता पोलीस.

अक्का, तुमच्या पत्रात सगळ्यात मोठं अक्षर या ओळीचं होतं. गावात पोलिसाची मोटारसायकल थांबली की तीन गल्ल्यांत बातमी जाते, हे खोटं नाही. पण ही चौकशी तुम्ही काही केलंय म्हणून नाही, काही केलेलं नाही हे लिहून घेण्यासाठी आहे. अर्ज केंद्रातून पुढं गेला की तो तुमच्या पोलीस ठाण्याकडं येतो. तिथला माणूस फोन करतो, घरी येतो किंवा ठाण्यात बोलावतो. राहता कुठं, किती वर्षं, गुन्हा आहे का, एवढंच विचारतात. ओळखीचे दोन शेजारी आणि त्यांच्या आधारच्या झेरॉक्स तयार ठेवा. माझा उपाय असा, की लपवायचं नाही, आधीच सांगत सुटायचं. पोलीस पाटलांना सांगा, दूध घालायला जाता तिथं सांगा, भजनी मंडळात सांगा, की लेकीकडं जर्मनीला निघालेय, पासपोर्टाच्या चौकशीला पोलीस येणार आहेत. मग गाडी आली की लोक म्हणतील, सुनंदाकाकी विमानानं चालल्या. चौकशीच्या दिवसांत पंढरपूर, जोतिबा, पाहुणे सगळं पुढं ढकला आणि अनोळखी नंबरचा फोन उचला.

चहा द्या, पैसे देऊ नका. पोलीस चौकशीचा वेगळा आकार तुम्ही द्यायचा नसतो. कुणी "पेट्रोलपुरतं" म्हणालंच तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा नंबर आहे. बहुतेक वेळा तो फिरवावा लागत नाही, माहीत असल्याचं दिसलं तरी पुरतं. आणि समजा शेरा उलटा गेलाच, तर फाइल मरत नाही. पुण्याहून विचारणा येते, तिला उत्तर देता येतं. अर्ज कुठं अडकलाय हे 1800-258-1800 या पासपोर्टाच्या फुकटच्या नंबरावर विचारता येतं.

मालकांची केस तुमच्या पासपोर्टाला आडवी येत नाही. फॉर्म अर्जदाराला स्वतःबद्दल विचारतो, नवऱ्याबद्दल नाही. पण मला अंदाज आहे की चार दिवसांनी मालकही म्हणतील, मग मीही येतो. म्हणून त्यांचंही सांगते. ऊसदरासाठी रस्त्यावर बसणं हे आपल्या जिल्ह्यात कमीपणाचं कुणी मानत नाही, पण फॉर्मच्या रकान्याला आंदोलन आणि मारामारी यातला फरक कळत नाही. आधी केस नेमकी कुठं आहे ते बघा. बऱ्याचजणांना वाटतं चालू आहे आणि ती केव्हाच निकाली निघालेली असते. तसं असेल तर निकालाची प्रत काढून ठेवा. कोर्टात अजून चालू असेल तर ते लिहायचंच, आणि ज्या कोर्टात केस आहे तिथून परदेशी जायची परवानगी घ्यायची. 25 ऑगस्ट 1993 च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार अशी परवानगी असली की पासपोर्ट मिळतो. कोर्टानं मुदत लिहिली नसेल तर तो एका वर्षाचा मिळतो. खालच्या कोर्टानं नाही म्हटलं तर वर जाता येतं, आणि त्यासाठी आता महालक्ष्मी एक्सप्रेस धरून मुंबई गाठायला नको. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं. त्यांची साठी झाली असेल तर फीत दहा टक्के सूट आहे, 1350 रुपये पडतील. पण त्यांचा अर्ज तुमच्याबरोबर बांधू नका. तुमचा जाऊ द्या पुढं. मालकांनी थोडे दिवस घर आणि जनावरं सांभाळली तर काही बिघडत नाही.

पासपोर्ट स्पीड पोस्टानं येतो आणि पोस्टमन तो ओळखपत्र बघून तुमच्याच हातात देतो. आल्या आल्या नाव, तारीख आणि जन्मगाव वाचा, मगच देवापुढं ठेवा. हळदकुंकू वरच्या पाकिटाला लावा, आतल्या पानांना नको. तिकीट त्याआधी काढायचं नाही, जावईबापूंना कितीही स्वस्त मिळत असलं तरी. व्हिसा मिळाला तरी जर्मनी आणि युरोपातले एकाच व्हिसाचे देश (शेंगेन म्हणतात त्यांना) मिळून 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. तेव्हा बाळंतपणाच्या किती आधी जायचं आणि बाळ किती महिन्यांचं होईपर्यंत थांबायचं, याचा हिशेब लेकीबरोबर आत्ताच करा. डिंकाच्या लाडवांचं वेगळं पत्र लिहा. दूध आणि दुधाचे पदार्थ घेऊन तिकडं उतरू देत नाहीत, त्यामुळं तुपाचा प्रश्न आहे.

आज मात्र एकच करा. लेकीला फोन लावा आणि तिच्या पासपोर्टाच्या शेवटच्या पानाचा फोटो मागवून घ्या. तिथं तुमचं नाव कुठल्या अक्षरांत छापलंय ते बघितल्याशिवाय कुठल्याही फॉर्मला हात लावू नका.